कोडीवर पिक्चर अटकतो? नवा बॉक्स घेण्याआधी काय तपासायचं, आणि घ्यायचाच झाला तर कोणता

"भाऊ, पिक्चर पुन्हा अटकून राहिला ना." तक्रार एकच असते, पण तिच्यामागचे बिघाड वेगवेगळे आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. नागपुरात ओळखीपाळखीच्या घरांमध्ये कोडी, म्हणजे आपल्याकडचे पिक्चर टीव्हीवर चालवायचं मोफत ॲप, बसवून देण्याचं आणि नंतर ते सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. लोक बॉक्सला दोष देतात, बर्डीच्या बाजारात जाऊन नवा घेऊन येतात, आणि तोही तसाच अटकतो. म्हणून आधी अटकण्याचा प्रकार ओळखा. तो ओळखला की बॉक्स बदलायचा की नाही हे कळतं, आणि बदलायचा असेल तर त्यात काय पाहायचं तेही कळतं.

लक्षणं

पिक्चर थांबतो, मधोमध गोल फिरतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. म्हणजे फाइल बॉक्सपर्यंत वेळेवर पोचत नाही. दोष वाय-फायचा, केबलचा किंवा हार्ड डिस्कचा.

गोल फिरतच नाही, आवाज नीट चालू आहे, पण चित्र झटके घेतं, मागे पडतं, ओठ आणि संवाद जुळत नाहीत. इथे फाइल पोचली आहे, पण बॉक्सच्या चिपला ती उलगडता येत नाही.

सगळं सुरळीत आहे, फक्त कॅमेरा आडवा फिरला की ठरावीक अंतराने बारीक हिसका बसतो. हे रिफ्रेश रेटचं, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचं, प्रकरण आहे. एक पैसाही न लागता सुटतं.

पहिला अर्धा-पाऊण तास उत्तम, मग मेनूसुद्धा जड होतो. बंद करून ठेवलं की पुन्हा ठीक. हा उष्णतेचा त्रास.

बॉक्स आपोआप रीस्टार्ट होतो, हार्ड डिस्क मध्येच दिसेनाशी होते, रास्पबेरी पायवर (काहीजण बॉक्स म्हणून वापरतात तो छोटा संगणक) पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. वीज कमी पडते आहे.

कोडी स्वतःच बंद पडतं आणि पोस्टर उमटायला वेळ लागतो. स्टोरेज भरलं आहे.

एका घरात यातली दोन लक्षणं एकत्रही सापडतात. अशा वेळी खालच्या क्रमानेच जा. सोपं आणि फुकटचं आधी आहे, खर्चाचं शेवटी.

पहिली तपासणी: तीच फाइल पेन ड्राइव्हवरून

जी फाइल अटकते, नेमकी तीच पेन ड्राइव्हवर घ्या, पेन ड्राइव्ह थेट बॉक्सला लावा आणि जिथे अटकत होती तिथूनच चालवा. स्टिकला (टीव्हीमागे खोचायच्या छोट्या बॉक्सला) यूएसबी पोर्ट नसेल तर वीजही आत घेता येईल अशी ओटीजी केबल लागते, ती स्वस्त मिळते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही. त्यासाठी पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आत काही ठेवलेलं असेल तर आधी काढून घ्या.

पेन ड्राइव्हवरून नीट चालली, तर बॉक्स निर्दोष आहे आणि रस्ता खराब आहे. इथेही अटकली, तर वाय-फायला हात लावायची गरज नाही. या एका चाचणीने निम्मं काम होतं, तरी बहुतेक लोक ती सोडून थेट राउटर बदलायला निघतात.

चाचणी चालू असताना बॉक्सला एखादा कीबोर्ड लावून इंग्रजी 'ओ' दाबा. पडद्यावर माहितीची पट्टी येते. त्यात डीकोडरच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाच्या) नावापुढे 'एचडब्ल्यू' असेल तर चिपचा खास भाग काम करतो आहे. 'एसडब्ल्यू' असेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर आहे, आणि छोट्या बॉक्सला मोठी फाइल तशी झेपत नाही. व्हिडिओ कोणत्या प्रकारचा आहे, सेकंदाला किती फ्रेम आहेत, तेही तिथेच दिसतं. कागदावर लिहून ठेवा, पुढे बॉक्स निवडताना लागेल.

दुसरी: ॲडॉप्टर आणि केबल

स्टिक भिंतीवरच्या टीव्हीमागे खोचतात आणि तिला वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून देतात. साधा यूएसबी २.० पोर्ट ०.५ अँपिअर देतो, स्टिकला त्याहून जास्त लागते. मेनू चालतो म्हणून सगळं ठीक वाटतं, पण मोठी फाइल लागली की गडबड सुरू होते. सोबत आलेलं ॲडॉप्टरच वापरा आणि ते भिंतीतल्या सॉकेटला लावा.

रास्पबेरी पायच्या बाबतीत तडजोड चालत नाही. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचं ॲडॉप्टर लागतं. मोबाइलचा चार्जर 'इतक्या वॅटचा आहे' म्हणून भागत नाही, कारण बरेच फास्ट चार्जर जास्त शक्ती ९ किंवा १२ व्होल्टवर देतात आणि ५ व्होल्टवर मोजकीच. पाय ५ ला ३ अँपिअरचं ॲडॉप्टर लावलं तर तो सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. त्यावर पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की ती फिरायला लागते, टिक करते आणि गायब होते. मग लोक 'डिस्क गेली' म्हणून घाबरतात. अशा डिस्कला स्वतःचं ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब द्या, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

तिसरी: उष्णता

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांमध्ये याला एक ओळ मिळते. नागपुरात तेवढ्यावर भागत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं, नवतपात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. टीव्ही बहुधा पश्चिमेच्या भिंतीवर, मागे पीओपीचं पॅनल, आणि त्या चार बोटांच्या फटीत स्टिक. टीव्हीची स्वतःची उष्णताही तिथेच कोंडते. पाय ४ साठी कंपनीने भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ५० अंश दिली आहे, आणि पॅनलमागे दुपारी तेवढं व्हायला वेळ लागत नाही. चिप ८० अंशांच्या पुढे गेली की स्वतःला वाचवण्यासाठी पाय वेग कमी करतो. इतर बॉक्सही आपापल्या मर्यादेला हेच करतात. तुम्हाला तो 'अटकलेला' दिसतो.

तपासणी साधी आहे. दुपारी, जेव्हा त्रास होतो तेव्हाच, स्टिक किंवा बॉक्स फटीतून बाहेर काढा, टेबल फॅन त्यावर सोडा आणि तोच पिक्चर तासभर चालवा. नीट चालला तर उत्तर मिळालं. मग स्टिकसोबत येणारी छोटी एचडीएमआय जोडकेबल लावून तिला टीव्हीच्या कडेबाहेर लोंबती ठेवा. बॉक्स असेल तर सेट-टॉप बॉक्सवर रचू नका, खाली चारी बाजूंनी हवा लागेल असा ठेवा. पायला हीटसिंक असलेली धातूची केस घ्या. पाय ५ ला पंखा लावाच.

गार वारा म्हणून बॉक्स कूलरच्या तोंडासमोर ठेवलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. तसं करू नका. त्या हवेत ओलावा असतो, जाळी तुटकी असेल तर थेट तुषार येतात, आणि आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार पोर्टच्या पितळी टोकांवर पांढरे साचतात. एका बॉक्सचा एचडीएमआय पोर्ट मी टॉर्च लावून पाहिला तेव्हा आतल्या पिना चुनखडीसारख्या झाल्या होत्या. त्यानंतर तो पोर्ट सुधारला नाही.

चौथी: जागा रिकामी आहे का

८ जीबीच्या स्टिकमध्ये सिस्टिमने आपला वाटा घेतल्यावर फार थोडी जागा उरते. कोडी प्रत्येक पोस्टर आणि फोटो थंबनेल म्हणून साठवतं, त्यामुळे संग्रह मोठा असेल तर ती भरतेच. न वापरलेली ॲप काढा, मग स्टिकच्या सेटिंग्जमध्ये ॲप्समध्ये जाऊन कोडीचं 'क्लिअर कॅशे' करा. शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबू नका. त्याने तुमची सगळी लायब्ररी, पाहिल्याच्या खुणा, सेटिंग्ज पुसल्या जातात.

पाचवी: कोडीच्या दोन सेटिंग्ज

सेटिंग्जमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात पातळी दिसते, ती 'एक्स्पर्ट' करा, नाहीतर पुढचे पर्याय दिसणारच नाहीत. मग प्लेअर, त्यात व्हिडिओज.

'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' वर ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आपल्याकडच्या काही जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या म्हणजे २५ फ्रेमच्या, आणि बॉक्स मात्र बहुधा ६० हर्ट्झवर अडकलेला. २४ किंवा २५ ला ६० मध्ये सारखं वाटता येत नाही, म्हणून काही फ्रेम जास्त वेळ दिसतात, काही कमी. तोच तो हिसका. हा पर्याय चालू केला की टीव्ही फाइलप्रमाणे २४ किंवा ५० वर जातो. सुरुवातीला पडदा क्षणभर काळा होईल, घाबरू नका.

अँड्रॉइड बॉक्सवर त्याच पानावर 'मीडियाकोडेक' नावाचे पर्याय असतात, ते चालू हवेत. कोणीतरी व्हिडिओ पाहून ते बंद केलेले असतात आणि मग चांगली चिपही 'एसडब्ल्यू' वर चालते.

सहावी: वाय-फाय आणि केबल

पेन ड्राइव्हवर चाललं आणि एरवी अटकतं, तरच इथे या. फाइल घरातल्याच संगणकावर किंवा राउटरला लावलेल्या डिस्कवर असेल, तर इंटरनेटचा प्लॅन वाढवून काहीही होत नाही. घरातला नळ बारीक असताना महापालिकेची लाइन मोठी करून घेण्यासारखं ते आहे. फाइल घराबाहेर जातच नाही, टीव्ही आणि राउटर यांच्यामधला रस्ताच तेवढा बघायचा.

हिशेब करून बघा. दोन तासांचा ८ जीबीचा सिनेमा म्हणजे ६४ गिगाबिट, भागिले ७२०० सेकंद, सरासरी साधारण ९ एमबीपीएस. हा कोणत्याही ठीकठाक वाय-फायवर चालायला हवा. तोच सिनेमा ४के मध्ये ६० जीबीचा असेल तर सरासरी ६७ एमबीपीएस, आणि धावपळीच्या प्रसंगात तो १०० च्या पुढे उडी मारतो. आता तुमच्या बॉक्सचा लॅन पोर्ट पाहा. स्वस्त बॉक्समध्ये आणि बऱ्याच टीव्हींमध्ये तो १०० एमबीपीएसचाच असतो. म्हणजे केबल लावूनही असा सिनेमा अटकणार, आणि अशा वेळी ५ गिगाहर्ट्झचं चांगलं वाय-फाय केबलपेक्षा सरस ठरतं. हे लोकांना पटत नाही, पण करून बघा.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे तीनच चॅनेल असतात, १, ६ आणि ११. मनीषनगर किंवा बेसा भागातल्या दाट फ्लॅट स्कीममध्ये शेजाऱ्यांचे सगळे राउटर त्या तिघांतच गर्दी करतात. बॉक्स ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे लवकर हरतं. महालातल्या जुन्या वाड्यांमध्ये भिंती इतक्या जाड आहेत की पुढच्या खोलीतला राउटर मधल्या खोलीत पोचत नाही. तिथे केबलच ओढावी लागते. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झमध्ये अडथळा आणते, तेव्हा डिस्क स्टिकला चिकटून ठेवू नका.

केबल ओढलीच तर कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, आणि आठही तारा नीट दाबल्या आहेत ना ते पाहा. चारच तारा लागल्या तर जोडणी होते, दिवा लागतो, पण वेग १०० वर येऊन थांबतो. केबल लावणारा 'चालू आहे' म्हणून निघून जातो.

विंडोजच्या संगणकावरचं फोल्डर कोडीला दिसतच नसेल तर ती वेगळी गोष्ट आहे. विंडोज १० ने २०१७ च्या अपडेटपासून एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची जुनी पद्धत, आपोआप बसवणं बंद केलं. कोडीच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेस, त्यात एसएमबी क्लायंट, तिथे किमान आवृत्ती २ ठेवा. विंडोजवर जुनं एसएमबी १ पुन्हा चालू करू नका, ते सुरक्षित नाही.

सातवी: फाइलच अवघड आहे का

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. 'माझा बॉक्स ४के आहे' याचा अर्थ तो प्रत्येक ४के फाइल चालवतो असा नाही. लग्नाचा व्हिडिओ घ्या. स्टुडिओवाला ४के फाइल पेन ड्राइव्हवर देतो, ती बहुधा एच.२६४ प्रकारची (व्हिडिओ आवळून लहान करण्याची जुनी पद्धत), कधी सेकंदाला ५० फ्रेमची. पाय ४ ची चिप एच.२६४ फक्त १०८०पी पर्यंत उलगडते, ४के मध्ये तिला एचईव्हीसी ही त्यापुढची पद्धत लागते. पाय ५ मध्ये तर एच.२६४ साठी वेगळा भागच नाही, तो प्रोसेसरवर ढकलतो. म्हणून एखादा ६० जीबीचा एचईव्हीसी सिनेमा मख्खनसारखा चालतो आणि ताईच्या लग्नातली सप्तपदी झटके खाते. बॉक्स बिघडलेला नाही. मूळ फाइल जपून ठेवा आणि हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिची एचईव्हीसी प्रत काढा. लॅपटॉप रात्रभर चालेल, पण काम होईल. १०-बिट एच.२६४ फाइललाही हेच करा, कारण बहुतेक चिप तिला हात लावत नाहीत.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बॉक्सला, एचडीएमआयच्या टोकाला किंवा टीव्हीच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढे काही करू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर हे आणखी गंभीर आहे, कूलरचा शॉक जीव घेतो. कूलरची मोटर सुरू होताना घरातले काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर होत असतील तर न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता असते. तेही त्याच दिवशी दाखवा. स्पाइक गार्डने यातलं काही सुटत नाही.

हार्ड डिस्क स्वतःच्या ॲडॉप्टरवरही टक-टक करत असेल तर ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, प्रत्येक वेळी आतलं नुकसान वाढतं. मुलांचे फोटो त्यात असतील तर सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट हलत असेल किंवा सगळेच पोर्ट काळे असतील तर ते सर्व्हिस सेंटरचं काम. घरी टीव्ही उघडू नका, आतल्या पॉवर बोर्डवर बंद केल्यावरही वीज साठलेली राहते.

बॉक्स बदलायचाच असेल

आता तुमच्याकडे कागद आहे: कोणत्या फाइल अटकतात, वेग किती लागतो, खोली किती तापते. निवड त्यावरून करा.

घरच्यांना ओटीटी मुख्य आणि कोडी जोडीला हवं असेल, तर गूगल प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही उपकरण घ्या. प्ले स्टोअरमध्ये कोडी अधिकृतपणे मिळतं. किमान २ जीबी रॅम, शक्यतो ८ जीबीपेक्षा जास्त स्टोरेज, आणि एव्ही१ (एचईव्हीसीहून नवी पद्धत) चालणारी चिप पाहा. वाइडवाइन (ओटीटीचं कॉपी-संरक्षण) एल१ पातळीचं आहे का ते विचारा. नुसतं एल३ असेल तर मोठी ओटीटी ॲप एचडीत दिसत नाहीत. फायर टीव्हीवर कोडी ॲमेझॉनच्या ॲप दुकानात नाही, बाहेरून टाकावं लागतं. ॲमेझॉनची वेगा ओएस असलेल्या नव्या मॉडेलवर तेही जमत नाही, म्हणून घेताना खोक्यावर किंवा माहितीत ऑपरेटिंग सिस्टिम वाचा.

मुख्य काम स्वतःच्या डिस्कवरचा संग्रह पाहणं असेल, तर पाय ४ किंवा ५ वर लिब्रेइलेक (फक्त कोडी चालवणारी मोफत सिस्टिम) हे माझं पहिलं मत आहे. चालू केलं की सरळ कोडी उघडतं, मध्ये जाहिराती नाहीत, आणि आजोबांनाही दोन दिवसांत जमतं. पण त्यावर ओटीटीची नेहमीची ॲप चालत नाहीत, हे घरात आधीच सांगा. वर सांगितलेल्या लग्नाच्या फाइल खूप असतील तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी घ्या. एच.२६४, एचईव्हीसी, एव्ही१ तिन्ही तो ४के मध्ये उलगडतो आणि गिगाबिट लॅनही बहुतेकांत असतो. खर्च जास्त, पण दुसऱ्यांदा करावा लागत नाही.

बिननावाचा, 'सगळे चॅनेल फुकट' म्हणून विकला जाणारा बॉक्स घेऊ नका. टी९५ नावाने विकल्या जाणाऱ्या एका बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर आल्याचं २०२३ मध्ये उघड झालं, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या मालवेअर लागलेल्या उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात असेच टीव्ही बॉक्स होते. तो बॉक्स तुमच्याच वाय-फायवर असतो, ज्यावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता. कोडीत स्वतःचा कुठलाही पिक्चर नसतो. त्यात आधीच भरून दिलेली चोरीची ॲडऑन अटकली तर दोष समोरच्या सर्व्हरचा असतो आणि तो घरात दुरुस्त होत नाही. अशा बॉक्सला मी हात लावत नाही.

बिल घ्या, परत करण्याची मुदत त्यावर लिहून घ्या. घरी आणल्यावर त्याच मुदतीत, दुपारी दोनच्या सुमाराला, बॉक्स जिथे कायम राहणार आहे तिथेच ठेवून तुमची सगळ्यात जड फाइल सलग दोन तास चालवा. सकाळी गार खोलीत दहा मिनिटं चालवून पाहिलेलं धरू नका.